उलटी प्रदक्षिणा

वेलांना पाणी घालायला लागू नये म्हणून मी बारा-तेरा हजार किलोमीटर लांब येऊन राहिलो. व्हिसाच्या मुलाखतीत मी उच्च शिक्षण वगैरे कारणं सांगितली होती, पण खरं कारण कुडाळजवळच्या आमच्या घरामागचा मांडव हेच. मांडवावर पडवळ, दोडकी, कारली; पोफळींवर मिरी; आणि खाली हातात कळशी घेऊन मी. वडील विहिरीवर रहाट ओढायचे, आई एकेका वेलाची तब्येत विचारत फिरायची आणि मी नेमक्या त्या वेळी गणिताचं पुस्तक उघडून बसायचो, कारण आमच्या घरात अभ्यासाला बसलेल्या पोराला कुणी कळशी उचलायला सांगत नसे. माझं गणित चांगलं झालं ते असं.

तर असा मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ऑरेगन राज्यातल्या हिल्सबोरोत, स्वतःच्या घामाने खड्डा खणून, त्यात विकतचं शेणखत घालून एक वेल लावला. तोसुद्धा असा की ज्याला ना पडवळ लागतं ना दोडकं. लागतात ती बोटाच्या पेराएवढी, कागदी पाकळ्यांची हिरवी बोंडं, आणि त्यांची कीर्ती मुख्यतः कडूपणाबद्दल. हॉप्स म्हणतात त्यांना. बिअरचा कडूपणा आणि बराचसा वास त्यांचा.

मी मोठा पिणारा आहे असा गैरसमज नको. माझी मजल अर्ध्या ग्लासापर्यंत. त्यापुढे मी कुठल्याही समारंभात बसल्या जागी झोपतो. पण ऑफिसातल्या एकाने घरी बोलावलं, परसात बसवलं, फेसाळता ग्लास हातात दिला आणि सहज म्हणाला, "मीच केलीय. हॉप्स पण घरचेच." ते 'घरचेच' मला लागलं. आमच्या आईची पाहुण्यांना पोहे देताना 'नारळ घरचाच' असं म्हणायची जी पद्धत होती, तोच सूर. पंचवीस वर्षांत मी कुणाला 'घरचंच' म्हणून काही दिलं नव्हतं. परत येताना गाडीतच बायकोला सांगितलं की आपणही करायचं. ती म्हणाली, "आधी तो संपवलास का ग्लास?"

कायद्याची बाजू मी आधीच तपासून घेतली. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, पण घरगुती बिअर राहून गेली ती गेलीच. शेवटी १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि १९७९च्या फेब्रुवारीपासून ती कायदेशीर झाली. दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर! मला आमचे मामा आठवले. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली त्यांनी परवाना काढला होता, आणि तो प्रकृती राखण्यासाठी आहे असं त्या कागदावरच म्हटलेलं असल्यामुळे ते ग्लास हातात घेताना आजाऱ्यासारखा चेहरा करायचे. मामांना साडेसातशे लिटरची बातमी कळली असती तर त्यांनी इतकी प्रकृती राखली असती की बोलायची सोय नाही.

जात कोणती लावायची हा प्रश्नच नव्हता. आमच्या घरापासून दीड तासावर कॉर्व्हालिस आहे, तिथल्या संशोधन केंद्रात कॅस्केड हा वाण निघाला. संकर १९५६चा आणि शेतकऱ्यांच्या हाती पडला १९७२ साली. सोळा वर्षं! माझं ग्रीन कार्ड याच्या पुढे चारच वर्षांनी कमी पडलं, त्यामुळे या वाणाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी वाटत आली आहे. मग इंडिपेंडन्स नावाच्या गावाजवळ शेती बघायला गेलो. हे गाव एके काळी स्वतःला जगाची हॉप्स-राजधानी म्हणवून घ्यायचं. अठरा-अठरा फूट उंच खांब, वर तारा, आणि तारेपासून जमिनीपर्यंत ताणलेले दोर. दोराला हात लावला आणि चरकलो. काथ्या! चौकशी केली तर म्हणाले, श्रीलंकेहून येतो. वेलाला खरखरीत काहीतरी लागतं, नायलॉनवरून तो घसरतो. आजोबा पडवीत बसून मांडीवर काथ्याचा दोर वळायचे, तेव्हा मी 'हे कोण वापरतं आता' असं म्हणालो होतो. इथे मी त्याच दोराचा एक तुकडा तीन डॉलरला घेतला.

वेल लावायचा तो बी पेरून नव्हे, आल्याच्या कुड्यासारखा दिसणारा मुळाचा तुकडा पुरून. याला कारण आहे. हॉप्समध्ये नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बोंडं फक्त मादीला येतात. बी पेरलं तर नर निघायची भीती, आणि नराने परागकण उडवले की बोंडांत बिया धरतात. म्हणून या धंद्यात नराला बहुतेक ठिकाणी उपटून टाकतात. हे मी रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. बायकोने आणि मुलीने एकमेकींकडे बघितलं आणि भात वाढून घेतला.

पहिलं वर्ष, २०२३, कसं गेलं ते थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगण्यासारखं त्यात काही झालंच नाही. कोंब आले, दोन-तीन हात वाढले, आणि दोरावर चढेनात. हॉप्सला दोडक्यासारखे तणावे नसतात. अख्खी दांडीच आधाराला पिळा घालत चढते आणि अंगावरच्या आकडेदार केसांनी धरून ठेवते. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की शेंडा हातात घेऊन दोराभोवती तीन-चार वेढे नीट घालून द्यायचो. रोज सकाळी बघावं तर वेढे सुटलेले आणि शेंडा हवेत. मला वाटलं रॅकून येतो. मी रॅकूनसाठी दिवा लावला. दिव्याखाली स्वच्छ दिसलं, रॅकून येत नव्हता; वेल आपणहून, सावकाश, अंगावरचं सोडून टाकावं तसे वेढे सोडत होता. मग मी पावाच्या पिशवीच्या तारेने शेंडे बांधले. शेंडे तुटले. जून-जुलैत लाल कोळी आला, ऑगस्टमध्ये मावा, आणि सप्टेंबरात एकूण पीक निघालं साठ ग्रॅम.

ते साठ ग्रॅम मी वाळवले (असं मला वाटलं) आणि एका डब्यात घालून फडताळात जपून ठेवले. जानेवारीत बायकोने घरातले सगळे मोजे धुवायला काढले. तरी वास जाईना. तिने फ्रीज मागे ओढला, मुलीची खेळाची बॅग बाहेर फेकली, मला पाय धुऊन यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने तो डबा उघडला. जुन्या, ओलसर राहिलेल्या हॉप्सला शिळ्या चीजसारखा वास मारतो हे मी तिला शास्त्रीय कारणासह समजावलं. तिने डबा माझ्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आई आली. सहा महिन्यांसाठी.

विमानतळावरून घरी आल्यावर चहासुद्धा न घेता ती मागच्या दारी गेली. दोन मिनिटांत हाक आली, "कसलो वेल ह्यो?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. आमच्या घरात दारू हा शब्द फक्त फटाक्यांच्या संदर्भात चालतो. त्यात हॉप्स हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गांजाच्या कुळातले, आणि पलीकडच्या शेजाऱ्याने कुंपणाला लागूनच त्या चुलत भावंडाची चार झाडं ठेवलेली, चारच, कारण ऑरेगनमध्ये २०१५पासून घरटी चार लावायची मुभा आहे. मी घाईघाईने म्हणालो, "औषधी आहे. झोपेसाठी." हे खोटं नाही. युरोपात झोपेसाठी हॉप्स वापरायची रीत जुनी आहे, उशीत भरतात, काढ्यात घालतात. मी फक्त उरलेलं सत्य सांगितलं नाही. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याविषयी समाधान दिसलं. पोरगा परदेशात राहून औषधी झाडं लावतो.

मग तिने दोराकडे बघितलं. मी नुकतेच नव्या कोंबांना वेढे घालून ठेवले होते. तिने एक मोकळा शेंडा हातात न धरता, नुसता वाकून, बराच वेळ निरखला. आणि म्हणाली, "उलटी प्रदक्षिणा घालूक लावलंस तेका. देवळात तरी खंय बघलंस अशी?"

खरंच तसं होतं. पावटा, चवळी असले आमच्याकडचे शेंगांचे वेल वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने चढतात, आणि लहानपणी जे काही चार-दोन वेल माझ्या हातून मार्गी लागले ते हेच. हात तसाच वळायचा. हॉप्स मात्र त्या थोड्या वेलांतला, जो काट्यांच्या दिशेने, देवाला उजवीकडे ठेवून फिरतो. वर्षभर मी त्याला दररोज अपसव्य करायला लावत होतो आणि तो दररोज रात्री गुपचूप मागे फिरत होता. आईने सगळे वेढे सोडले, एकेक उजवा वेढा घातला आणि हात झटकून चहा घ्यायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडे वीतभर वर होते. मी त्या दिवशी ऑफिसात कुणाशी फारसं बोललो नाही.

त्यानंतर वेल माझा राहिला नाही. आईने पहिल्याच आठवड्यात जास्तीचे कोंब खुडून टाकले, फक्त तीन ठेवले (पुस्तकातही हेच लिहिलेलं आहे, मीही वाचलं होतं, पण खुडायचा धीर झाला नव्हता). खुडलेल्या कोंबांची तिने खोबरं घालून भाजी केली. त्याचा फोटो मी गावी भावाला पाठवला, तर उलट टपाली त्याची बातमी: अरे, ही तर एक लाख रुपये किलोची भाजी! २०२१ साली भारतभर फिरलेली ती बातमी, बिहारमधल्या कुणा शेतकऱ्याने हॉप्सचे कोंब पिकवले म्हणून. पत्रकार शेत बघायला गेले तर तिथे हॉप्स नव्हतेच. भारतात हे पीक घेतात ते हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात. पण आईला खुलाशाशी कर्तव्य नव्हतं. पाव किलो भाजी होती. पंचवीस हजारांची भाजी आम्ही चौघांनी पोळीबरोबर संपवली, आणि तिने कढई चाटूनपुसून घेतली.

एकच अडचण आली, सूर्याची. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. आणि जूनमध्ये आमच्याकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. दिवस साडेपंधरा तासांचा. हॉप्सला हवा असतो तोच हा लांब दिवस, त्यासाठीच तो अशा उत्तरेकडच्या मुलखात माजतो. आईला मात्र वाटायचं, अजून उजेड आहे म्हणजे अजून काम आहे. पावणेनऊला ती वेलापाशी आणि तिच्यामागे बादली घेऊन मी, कारण नळीचं पाणी तिला पसंत नाही. पानांवर भुरी दिसली तेव्हा तिने पातळ ताक शिंपडलं. वेल दिवसाला फूटभर वाढायला लागला. मुलगी खांबावर खडूने खुणा करायची. जुलैअखेर तो अठरा फुटी खांबाच्या टोकाला पोचला, वर जागा नाही म्हटल्यावर खाली लोंबला आणि शेजाऱ्याकडे बघायला लागला. ऑगस्टमध्ये बोंडांनी लगडला. एक बोंड फोडून आईने बोटाला लागलेली पिवळी पूड दाखवली, म्हणाली हळद आहे आत. ती ल्युप्युलिन. सगळा कडूपणा आणि वास तिच्यातच असतो. मी रोज एक बोंड कुस्करून नाकाशी धरायचो आणि बाटल्यांवर लावायच्या लेबलाचा विचार करायचो. 'घरचंच' असं नावही ठरलं होतं.

त्या वर्षी चवथ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. कॅस्केडची काढणी आमच्याकडे नेमकी त्याच सुमाराला. हे दोन सण एकमेकांवर आदळणार हे गणित चांगलं असलेल्या माणसाला आधी सुचायला हवं होतं.

सिंधुदुर्गातल्या घरांत गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारी, काकडी, कवंडळं, कांगलं, हरणाची फुलं, रानातलं जे जे म्हणून त्या दिवसांत फळतं-फुलतं ते बांधायचं. आजवर आमच्या गणपतीला मखर असायचं, थर्माकोलचं. या वेळी आईने फर्मान काढलं. हरतालिकेच्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर दिवाणखान्यात चौकट टांगलेली. तिला नासपती, मक्याची कणसं, लाल भोपळ्याची पोरं, कुणाकडून तरी मागून आणलेले हेझलनटचे घोस. आणि या सगळ्यांवर कळस म्हणून हिरवेगार, भरगच्च, लांबच लांब हॉप्सचे वेल. चारी बाजूंनी खाली सोडलेले. मी मागच्या दारी धावलो. खाली हात पोचेल तिथपर्यंतचा वेल आईने विळ्याने साफ केला होता. उरला होता तो त्याच्या वरचा.

खरं सांगतो, इतकी देखणी माटवी मी गावातही पाहिली नव्हती. आणि घरभर तो वास, संत्र्याच्या सालीसारखा, थोडा गवताचा. मंडळातली मंडळी आरतीला आली. त्यातला एक घरी बिअर करणारा. 'सुखकर्ता'ला त्याची नजर वर गेली. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "कॅस्केड?" मी मान हलवली. त्याने डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. आजूबाजूच्या बायका त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. अलीकडच्या पुरुषांत इतका भाव दिसत नाही.

पाचव्या दिवशी विसर्जन. बोंडं माटवीवर छान वाळली होती. हलवली की कागदासारखी वाजायची. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हे काढून ठेवू का. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मोदक परत मागतोय. निर्माल्य सगळं मागच्या देवदाराच्या बुंध्याशी गेलं.

राहिलं खांबाच्या टोकाचं. अनुभवी लोक खांबाला वर कप्पी लावून ठेवतात, काढणीला दोर सोडला की अख्खा वेल खाली येतो. ज्या घरात वडिलांनी तीस वर्षं रहाटावर दोर ओढला त्या घरातल्या मुलाला कप्पी सुचली नाही. मी शिडीवर चढलो, कात्री बांधलेली काठी वर केली, दोर कापला. वेल खाली आला, सगळा, माझ्या अंगावर. हॉप्सचे ते आकडेदार केस उघड्या हातांवरून ओढले गेले की काय होतं ते कोकणात खाजकुइलीत पडलेल्या माणसालाच कळेल. दोन दिवस मी ऑफिसात फुलशर्ट घालून बसलो आणि टेबलाखाली हात खाजवत राहिलो.

मागची चूक नको म्हणून या खेपेला खिडकीच्या जाळ्यांवर पसरून, गॅरेजमध्ये पंखा लावून, चांगली कुरकुरीत वाळवली. वजन भरलं दहा औंस. आता योगायोग बघा, माझ्या हातातल्या कृतीतही दहाच औंस लिहिलेले. मला तो शुभशकुन वाटला. ती कृती ताज्या, झाडावरून थेट काढलेल्या हॉप्सची होती. ताज्या बोंडांत ऐंशी टक्के पाणी असतं, त्यामुळे तिथल्या दहा औंसांच्या जागी वाळलेली दोनच घालायची असतात. ही ओळ पुढच्या पानावर होती.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मोठ्या पातेल्यात माल्टचा पाक उकळत ठेवला आणि दहाच्या दहा औंस पहिल्याच उकळीला लोटले. जितका वेळ उकळेल तितका कडूपणा उतरतो. वासासाठी शेवटी घालतात. मी तासभर उकळलं. बोंडांनी तीन लिटर पाणी पिऊन टाकलं. आई स्वयंपाकघरात आली. "काढो?" मी हो म्हणालो, आणि त्या क्षणापर्यंत तो काढाच होता, यीस्ट पडल्याशिवाय त्यात मद्याचा थेंब नसतो. तिने पळीभर घेऊन, फुंकर घालून, चाखला. डोळे मिचकावले. "ह्यो तर किरायताचो काढो. गूळ घाल वायंच."

काडेकिराईत! लहानपणी पावसाळ्यात नाक दाबून जे प्यायला लागायचं ते. मालवणी पट्ट्यातल्या एका जाणकार स्त्रीने फुकट दिलेला हा गुणवत्ता-अहवाल मी कानाआड केला, कारण पुस्तकात गूळ घाला असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

आंबवायला अंधाराची, एकसारख्या तापमानाची जागा लागते. घरात तशी एकच होती, आईच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट. दोन आठवडे त्या कपाटात 'बुडुक, बुडुक' चालू होतं. आईने नळ गळतो म्हणून मला दोनदा उठवलं. नंतर तक्रार बंद झाली. बायकोने सांगितलं, जाळ्यांवरून गळून पडलेली बोंडं गोळा करून, जुन्या सुती साडीच्या पिशवीत शिवून, आईने उशी केली आहे आणि आता तिला कशाचाच पत्ता लागत नाही.

बाटल्या भरल्या, चव्वेचाळीस. खांब, दोर, खत, शिडी, पातेलं, बाकी भांडीकुंडी असा सगळा हिशेब मांडला तर बाटली चौदा डॉलरला पडली. चार आण्यांची कोंबडी म्हणावी तर कोंबडीचाही पत्ता नव्हता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आरतीतल्या त्या भाविकाला बोलावून पहिली उघडली. त्याने एक घोट घेतला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "रंग चांगला आलाय." तो घाईत होता, गेला. मी माझा अर्धा ग्लास प्यायलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बिअर पिऊन रात्रभर जागा राहिलो. उरलेल्या बाटल्या गॅरेजमध्ये आहेत. काहींचं म्हणणं आहे की कडूपणा काळाने कमी होतो.

आई पंधरवड्याने गेली, उशी हातातल्या बॅगेत घालून. कस्टमवाल्याने विचारलं असतं तर त्याला झोपेवर व्याख्यान ऐकायला लागलं असतं. त्याने विचारलं नाही. पंधरा दिवसांनी फोन आला. उशी तिने भजनातल्या बायकांना एकेक रात्र वापरायला दिली होती. आता मागणी होती बारा उशांची. प्रत्येकीच्या नावाची यादी तिने वाचून दाखवली आणि कुणाला मान आखडण्याचा त्रास आहे, म्हणून कुणाची जाड हवी, तेही. पुढच्या चवथीला माटवीपुरता वेल बाजूला काढून उरेल त्याच्या उशा करायच्या, असं ठरलं. फोन स्पीकरवर होता. बायकोने लगेच हो म्हटलं.

गेल्या शनिवारी मी बिअरच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि दोन औंस कॅस्केडचं पाकीट उचललं. गल्ल्यावरच्या मुलाने ते स्कॅन केलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "विकत कशाला घेता? घरी लावा की. इथे काय, कुठेही येतात."